पऱ्यांना पंख नसतात

गेल्या डिसेंबरात मी आयुष्यात प्रथमच पंख विकत घेतले. माझ्यासाठी नव्हेत, हे सांगायला नकोच; चाळिशी उलटलेल्या आणि मराठीचे व्याकरण शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला पंखांचा उपयोग तो काय? आमची कन्या पाचवीत आहे. तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात शेक्सपिअरच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मधला एक तुकडा बसवला होता आणि त्यात तिला परीचे काम मिळाले होते. राहात्याच्या बाजारात पेरू हवे तेवढे मिळतात. पंख काही मिळेनात. तेव्हा स्कूटरवरून शिर्डी गाठली आणि तारेवर पांढरी जाळी ताणलेली, कडेला चंदेरी टिकल्या चिकटवलेली एक जोडी घेऊन आलो. वाटेत ती पाठीमागे अशी फडफडत होती, की दोन ट्रकवाल्यांनी मुद्दाम वेग कमी करून माझे दर्शन घेतले.

घरी येताच कन्येने पंख बांधून अंगणात दोन गिरक्या घेतल्या. ओसरीवर माझी आई वाती वळत बसली होती.

"कोण झालीस गं तू?" आईने विचारले.

"परी. माझं नाव मस्टर्डसीड."

"म्हणजे काय?"

"मोहरी, आजी!"

आईला हसू आवरेना. "अगं, मोहरी आपण दृष्ट काढायला घेतो. बाहेरचं काही लागलं असेल तर जावं म्हणून. आणि तुमच्या नाटकात तीच परी होऊन आली?" मग पंखांकडे नीट पाहून ती म्हणाली, "आणि पऱ्यांना पंख नसतात. त्यांचे केस ओले असतात."

दूधवाला सहाला येतो, हे ज्या सुरात सांगावे त्याच सुरात तिने हे सांगितले आणि ती पुन्हा वातींकडे वळली.

आईच्या पऱ्या म्हणजे आसरा. सातजणी. विहिरीच्या काठाशी किंवा ओढ्याच्या डोहावर ओळीने मांडलेले शेंदूर फासलेले सात दगड ज्यांनी पाहिले नाहीत, असे वाचक शहरातसुद्धा थोडेच असतील. निदान आजोळी तरी ते पाहिलेले असतातच. अप्सरा या शब्दाचे हे घरगुती रूप. 'अप्' म्हणजे पाणी, आणि अप्सरा म्हणजे पाण्यात वावरणारी. इंद्राच्या दरबारात नाचायला गेल्या त्या अप्सरा झाल्या आणि आमच्या मळ्यातल्या विहिरीवर राहिल्या त्या आसरा, असे मी वर्गात सांगतो आणि मुले हसतात. आधार या अर्थाचा 'आसरा' हा शब्द वेगळा. त्याचे मूळ 'आश्रय'. दोन्हींची गल्लत करू नये, असेही मी सांगतो. परीक्षेत तीच गल्लत हटकून होते.

भर दुपारी आणि तिन्हीसांजेला विहिरीवर जायचे नाही, बाळंतिणीने तर नाहीच नाही, नवी विहीर लागली की आधी आसरांची ओटी भरायची आणि मग पाणी प्यायचे, हा आमच्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. जुन्या नोंदींत त्यांची नावेही सापडतात. ती मासळी, कासव, खेकडा, बेडूक, मगर अशा पाण्यातल्याच जीवांवरून आलेली आहेत. शेक्सपिअरच्या पऱ्यांचीही नावे अशीच घराच्या आसपासची. वाटाण्याचे फूल, कोळिष्टक, पतंग आणि आमची मोहरी!

आईच्या त्या एका वाक्याने माझी नाताळची सुटी खाल्ली. इंग्रजीच्या सहकाऱ्यांकडून नाटक आणले, त्यावरची दोन पुस्तके आणली आणि वाचत बसलो. पहिला शोध लागला तो असा, की आईचे म्हणणे खरे आहे! १५९५-९६ च्या सुमारास लिहिलेल्या या नाटकात पऱ्यांच्या पाठीला पंख असल्याचे कुठे सांगितलेले नाही. उलट राणी टायटानिया आपल्या सेविकांना फुलपाखरांचे पंख उपटून त्यांनी आपल्या प्रियकराला वारा घालायला सांगते. पऱ्यांच्या पाठीवर पंख कायमचे चिकटले ते पुढे, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या चित्रकारांच्या कृपेने. आणि ती नाजूक राणी मूळ प्रयोगात होती कोण? एक मुलगा. त्या काळी इंग्लंडात बायका रंगभूमीवर येत नसत. ज्यांच्या घरात बालगंधर्वांची तसबीर आहे त्यांना याचे नवल वाटायला नको.

दुसरा शोध अधिक मोठा होता. शेक्सपिअरच्या आधीच्या लोकांना पऱ्यांचे कौतुक नव्हते. त्यांना पऱ्यांची भीती होती. परी नखाएवढी असते, ती ओकच्या फळाच्या वाटीत लपते, ही कल्पना सर्वतोमुखी झाली ती प्रामुख्याने नाटकांमुळे. खेड्यातली परी बहुधा चारचौघींसारखीच दिसणारी बाई असे, किंवा फार तर लहान मुलाएवढी. तिचे खरे नाव घ्यायचे नाही. 'भली माणसे' म्हणायचे, 'चांगले शेजारी' म्हणायचे. नाटकातला तो खट्याळ पक. त्याचे लोकांतले नाव रॉबिन गुडफेलो, म्हणजे 'भला माणूस'. आणि या भल्या माणसाचा धंदा काय, तर रात्रीच्या वाटसरूला रान-रान फिरवणे! आपल्याकडे अशा वेळी 'चकवा लागला' म्हणतात. आपणही रात्री सापाला साप म्हणत नाही, 'लांबडं' म्हणतो. ज्या रोगाने गावेच्या गावे बसली त्याला 'देवी' म्हटले. आणि आसरांना तर माउल्या म्हणतो, मावलाया म्हणतो. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासच्या डोंगरांत या मावलायांची ठाणी शोधत पायी हिंडले होते आणि १९६२ साली निघालेल्या त्यांच्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या पुस्तकात त्यांनी त्यांना सन्मानाने जागा दिली. ज्याची फार भीती वाटते त्याला आई म्हणावे, हे शहाणपण काही एकट्या मराठी माणसाचे नाही.

'फेअरी' हा शब्दच मुळी लॅटिनमधल्या दैववाचक शब्दावरून आला आहे. नवजात मुलाच्या पाळण्याशी येऊन त्याचे भविष्य ठरवणाऱ्या त्या बायका. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून आईला हाक मारली. सटवाई! पाचवीच्या-सहावीच्या रात्री कोरा कागद नि लेखणी ठेवून आपण जिची वाट पाहतो तीच ही. तिकडची बाळंतीण पाळण्यात कात्री ठेवी, कारण पऱ्या मूल पळवतात, आपले रोगट मूल जागेवर ठेवून जातात आणि लोखंडाला भितात. इकडची बाळंतीण उशाखाली विळा ठेवते. आई म्हणाली, "तुझ्या वेळी मी अडकित्ता ठेवला होता." माझ्या जन्माशी अडकित्त्याचा असा संबंध आहे हे मला चव्वेचाळीस वर्षांनी कळले.

या भीतीची किंमत कधीकधी जबर असे. १५७६ साली स्कॉटलंडात बेसी डनलॉप नावाच्या बाईवर चेटकाचा खटला झाला. तिने सांगितले ते असे : ती बाळंतीण असताना एक धिप्पाड बाई घरी आली, बाकावर बसली, तिने प्यायला मागितले आणि मूल जगणार नाही, पण नवरा दुखण्यातून उठेल, असे सांगून ती गेली. पुढे बेसीला कळले, की ती पऱ्यांची राणी होती. बेसीला जाळले. त्यानंतर जेमतेम वीस वर्षांनी लंडनमध्ये लोक त्याच राणीला गाढवाच्या डोक्याच्या विणकराच्या प्रेमात पडलेली पाहून पोट धरधरून हसत होते. मधल्या काळात, १५८४ मध्ये, रेजिनल्ड स्कॉट या गृहस्थाने एक जाडजूड पुस्तक लिहून ठेवले होते, की लहानपणी घरातल्या मोलकरणींनी आम्हांला या सगळ्यांची नावे सांगसांगून घाबरवले. आता रॉबिन गुडफेलोला कोणी भीत नाही, तसेच उद्या चेटकिणींनाही कोणी भिणार नाही. चेटकिणींच्या बाबतीत त्याचा अंदाज बराच आधी होता. पण भीती ओसरली की हसणे सुरू होते, हे त्याने बरोबर ओळखले.

आणि हसणे सुरू झाले की मागोमाग भामटे येतात. बेन जॉन्सनच्या १६१० च्या 'द अल्केमिस्ट'मध्ये डॅपर नावाच्या एका कारकुनाला पटवून देतात, की पऱ्यांची राणी तुझी आत्या-मावशी लागते, तुला जुगारात यश देणार आहे. मग त्याचे डोळे बांधतात, त्याला चिमटे काढतात आणि खिसा रिकामा करतात. जॉन्सनने हे हवेतून काढले नव्हते. १६१३ साली लंडनमध्ये वेस्ट आडनावाच्या जोडप्याला पऱ्यांचे राजा-राणी म्हणून लोकांना लुबाडल्याबद्दल शिक्षा झाली. आमच्या भागात असले काही होत नाही, असे विधान करण्याचा मोह मी आवरतो.

पण शेक्सपिअर केवळ हसवून सोडत नाही. नाटकाच्या दुसऱ्या अंकात पऱ्यांचे राजा-राणी भांडतात आणि त्या भांडणामुळे पाऊसकाळ बिघडतो. नद्या फुगतात, कोवळे पीक शेतातच सडते, बैलाचे कष्ट वाया जातात. इंग्लंडात १५९४ पासूनचे उन्हाळे खरोखरच असे पावसाने सडवलेले गेले. हे मी आईला वाचून दाखवले. तिच्या माहेरी १९७२ च्या दुष्काळात विहिरीने तळ दाखवला, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या 'आसरा रुसल्या' म्हणाल्या होत्या. "तिकडे भांडल्या, इकडे रुसल्या," आई म्हणाली. "पिकाचं व्हायचं ते झालंच."

आणि भांडण कशावरून? एका हिंदी मुलावरून! त्याची आई टायटानियाची भक्तीण होती. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर, मसाल्याच्या वासाच्या वाऱ्यात, रात्री दोघी वाळूत बसून गप्पा मारायच्या, व्यापाऱ्यांची शिडे फुगलेली पाहून हसायच्या. ती बाळंतपणात गेली. तिच्यासाठी म्हणून राणी ते मूल वाढवते आहे, आणि तिच्यासाठी म्हणूनच ते राजाला द्यायला तयार नाही. सगळ्या विनोदाच्या मध्यभागी ही एक मेलेली बाई ठेवलेली आहे. तिला नाव नाही. ती एकदाही रंगमंचावर येत नाही. राणी मात्र तिला विसरत नाही.

तिकडच्या पऱ्यांबद्दल मी इतके वाचले. आपल्याकडच्या माउल्यांची नोंद कोणी घेतली? इथे एक आडवाटेची गोष्ट सांगतो. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याने मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुती गोळा करण्यासाठी प्रश्नावली काढली होती आणि गावोगावच्या शाळामास्तरांनी तिला उत्तरे लिहून पाठवली होती. शाळामास्तरांच्या जातीचा असल्यामुळे मला हे वाचून उगाचच बरे वाटले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनला गोळ्या घातल्या, हे सर्वांना माहीत आहे. त्याची टिपणे पुढे एन्थोव्हेनने छापली, हे फार थोड्यांना. त्या रात्री थिएटरात प्रयोग होता देवलांच्या 'संगीत शारदा'चा. म्हाताऱ्याशी लग्न लावायला काढलेली शारदा शेवटी जीव द्यायला नदीवर जाते आणि कोदंड येऊन तिला वाचवतो. नाटकात कोदंड वेळेवर येतो.

स्नेहसंमेलन झाले. मोहरीला दोन वाक्ये होती. ती तिने खणखणीत म्हटली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. "ओल्या केसांच्या पऱ्या मला दाखवा," म्हणून तिने हट्ट धरला, आणि पंखांसकट तिला, आईला घेऊन मी मळ्यात गेलो.

आमचा मळा गोदावरीच्या उजव्या कालव्याच्या पाण्यावरचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा कालवा आला आणि त्याने या कोरड्या मुलुखाचा रंगच बदलला. विहिरींना पाझर आले, पेरूच्या बागा आल्या, ऊस आला. राहात्याचा वेगळा तालुका झाला १९९९ साली, जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले (तोंडात अजून नगरच येते), पण विहीर आहे तिथेच आहे. तिचे पाणी मात्र आता कोणी पीत नाही. शेजारी साडेसहा इंची बोअर घेतली आहे. शेक्सपिअरची परी त्या बोअरमध्ये सहज मावेल. आसरा मावणार नाहीत.

आईने पिशवीतून खण, हिरव्या बांगड्या, दहीभाताचा डबा काढला. मुलगी वाकून दगड मोजू लागली. एकदा मोजले, पुन्हा मोजले.

"आजी, तू सात म्हणाली होतीस. हे आठ आहेत."

मी या विहिरीवर लहानाचा मोठा झालो. हे दगड मी कधी मोजले नव्हते. सात आसरांचे सातच दगड असणार, ते मोजायचे कशाला?

"बागेतून चार पेरू आण बरं," आईने तिला सांगितले. ती पंख सावरत गेली. मग आई माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तो आठवा तुझ्या काकूचा."

मला काकू आठवते ती तुकड्या-तुकड्यांनी. धाकट्या काकांची बायको. वीस-एकवीस वर्षांची असेल. कच्च्या पेरूच्या फोडींना मीठ लावून ती मला गुपचूप द्यायची. १९८७ च्या वैशाखात, मी सहा वर्षांचा असताना, ती या विहिरीत गेली. भर दुपारची वेळ. "आसरांनी नेलं" असे म्हातारी माणसे म्हणाली, तिच्या माहेरची मंडळी आली, बसली, गेली. कोणी कोणाला पुढचा प्रश्न विचारला नाही. दोन वर्षांनी काकांचे दुसरे लग्न झाले. पुढे कॉलेजात गेल्यावर मी घरात मोठ्या तावातावाने सांगत असे, की या आसरा-बिसरा सगळ्या अंधश्रद्धा आहेत. पाय घसरला असेल, दुसरे काय? आई ऐकून घेई. पाय घसरला असेल, हीसुद्धा एक श्रद्धाच आहे, हे मला तेव्हा सुचले नाही.

१८९५ साली आयर्लंडमध्ये मायकेल क्लिअरी या माणसाने आपल्या बायकोला, ब्रिजेटला, ठार करून जाळले आणि सांगितले, की ती माझी बायकोच नव्हती, पऱ्यांनी बायको नेऊन तिच्या जागी ठेवलेली ती दुसरीच कोणी होती. सुटीत हे वाचताना मी शहारलो होतो आणि पान उलटले होते. विहिरीच्या काठावर ते पान पुन्हा आठवले. आमच्या घरात कोणी कोणाला मारले नव्हते, जाळले नव्हते. आमच्या घरात फक्त सगळे गप्प राहिले होते आणि त्या गप्प राहण्याला एक चांगले जुने नाव मिळाले होते.

"आठ दिवस आधी माझ्यापाशी आली होती," आई म्हणाली. "रात्री, चुलीपाशी. म्हणाली, ताई, मला माहेरी पोचवा, मला इथं होत नाही. मी म्हटलं, एवढं लग्नसराईचं उरकू दे, मग बघू. सोस जरा." तिने बांगड्यांचा दोरा सोडवला. "मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. मला काय कमी कळत होतं का?"

"आजीला माहीत होतं?"

"सासूबाईंनी मला कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी त्या पुणतांब्याला गेल्या आणि गोदावरीतून हा दगड घेऊन आल्या. पदरात बांधून. शेंदूर लावला, या ओळीत ठेवला. म्हणाल्या, हिची ओटी तू भरायची, दर वर्षी. मला म्हणाल्या. बाकी कोणाला नाही."

अडतीस वर्षांच्या ओट्या. दर वर्षी आई मळ्यात जाऊन येई आणि आम्ही समजत होतो, की ती देवाचे करायला जाते.

मी काहीतरी बोलणार होतो. वर्गात अशा वेळी मला पुष्कळ बोलता येते. आईने सातांपुढे खण ठेवले, बांगड्या ठेवल्या, हळदकुंकू वाहिले. आठव्या दगडासाठी वेगळा खण आणला होता, जरा भारी पोताचा. तो तिने दोनदा घडी मोडून नीट केला.

तेवढ्यात मुलगी चार पेरू घेऊन आली. एका पंखाची तार वाकून लोंबत होती. "सातजणींना चार कसे पुरतील?" तिने विचारले, आणि कोणी उत्तर देण्याआधीच त्यांतला सर्वांत मोठा पेरू तिने शेवटच्या दगडापुढे ठेवून दिला, बहुधा तो तिला जवळ होता म्हणून.

"तसा नको ठेवू," आई म्हणाली. "डब्यात मिठाची पुडी आहे बघ. चिरून, मीठ लावून ठेव."